दाब कोठे हरवतो? : जुन्या मोटरसायकलीच्या हायड्रॉलिक क्लचची परीक्षा

बंगळूर शहराचा आणि यंत्रविद्येचा ऋणानुबंध जुना आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने १९४० च्या डिसेंबरात येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली, आणि पुढच्या पंधरा वर्षांच्या आत टेलिफोन, यांत्रिक हत्यारे, मोटारींचे सुटे भाग आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे घडवणारे मोठे कारखाने या शहराच्या आसमंतात उभे राहिले. त्या कारखान्यांतून हात तयार झालेले फिटर, टर्नर आणि त्यांचे शागीर्द कालांतराने शहरभर विखुरले. आणि आज जयचामराजेंद्र रस्त्यावरील व कलासिपाळ्यमच्या बाजारातील सुट्या भागांची दुकाने, गल्लीबोळांतील गॅरेजे आणि पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतील लेथ यांच्या आधाराने, जुने यंत्र मोडीत काढण्यापेक्षा ते दुरुस्त करून चालते ठेवण्याचा जो रिवाज या शहरात टिकून आहे, त्याचे मूळ बऱ्याच अंशी त्या परंपरेत आहे.

मोटरसायकलीच्या बाबतीत येथील मिस्त्रींचा हात प्रथम बसला तो वायरच्या क्लचवर. मद्रासेत १९५५ पासून तयार होऊ लागलेली एन्फील्ड आणि म्हैसुरात १९६१ पासून तयार होऊ लागलेली जावा, या दोन्ही गाड्यांचा क्लच पोलादी वायरने ओढला जात असे, आणि वायरचा गुण हा, की ती आपले दुखणे लपवत नाही: तिचा एकेक धागा तुटू लागला की लिव्हर खरखरतो, ती ताणली गेली की लिव्हरचा ढिलेपणा वाढतो, आणि दोन पान्यांनी तो ढिलेपणा काढता येतो. हायड्रॉलिक क्लच निराळ्या प्रकृतीचा आहे. होंडाने १९८२ साली आपल्या ७५० सीसीच्या व्ही-फोर मोटरसायकलीवर तो बसवल्यानंतर मोठ्या गाड्यांत त्याचा प्रसार होत गेला, आणि सुझुकीची १९९९ साली आलेली १२९९ सीसीची पहिली हायाबुसाही याच पद्धतीची होती. रविवारी पहाटे नंदीदुर्गाच्या वाटेला लागणाऱ्या मोठ्या गाड्यांत अशा वयस्क गाड्याही असतात. आणि वीस वर्षे ओलांडलेल्या अशा गाडीचा क्लच बिघडला, की दोष डोळ्यांना दिसत नसल्यामुळे मालक गोंधळतो आणि गॅरेजात एकामागून एक भाग बदलण्याचा खर्चिक क्रम सुरू होतो. हा क्रम टाळता येतो, एवढेच सांगण्यासाठी प्रस्तुत प्रकरणाचा प्रपंच आहे. हायड्रॉलिक क्लचचे निदान म्हणजे वस्तुतः एकाच प्रश्नाचे उत्तर शोधणे होय: हाताने निर्माण केलेला दाब वाटेत कोठे हरवतो, किंवा सुटावयास हवा तेव्हा कोठे अडकून राहतो?

दाबाचा मार्ग

कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा सिद्धांत ब्लेझ पास्काल या फ्रेंच तत्त्वज्ञाच्या नावाने ओळखला जातो आणि त्याच्या निधनानंतर १६६३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तो मांडलेला आहे. मोटरसायकलीत त्याचा विनियोग असा होतो. हँडलवरचा लिव्हर आवळला, की त्याचे टोक मास्टर सिलिंडरमधील लहान दट्ट्याला पुढे ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी असलेली रबरी वाटी प्रथम, वरच्या तेलाच्या डबीत उघडणारे सुईच्या अग्राएवढे छिद्र ओलांडते, आणि ते छिद्र मागे पडताच पुढचे तेल कोंडले जाऊन त्याच्यात दाब चढू लागतो. हा दाब नळीतून खाली स्लेव्ह सिलिंडरकडे जातो. पुष्कळशा जपानी गाड्यांत हा सिलिंडर इंजिनाच्या डाव्या अंगाला, साखळीच्या पुढच्या स्प्रॉकेटवरील झाकणाशी बसवलेला असतो. तेथील मोठा दट्ट्या एका लांब सळईला रेटतो, ती सळई गिअरपेटीच्या पोकळ दांड्यातून आरपार उजवीकडे जाते, आणि तेथे स्प्रिंगांनी दाबून धरलेली पट्टी उचलून क्लच प्लेटांना परस्परांपासून मोकळे करते.

या व्यवस्थेत मापे किती सूक्ष्म असतात हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. वरच्या दट्ट्याचा व्यास १४ मिलिमीटर आणि खालच्याचा ३८ मिलिमीटर धरला, तर दोहोंच्या क्षेत्रफळांचे प्रमाण सुमारे १ : ७.४ येते, म्हणजे बळ सातपटींहून अधिक वाढते, परंतु त्याच प्रमाणात चाल घटते, आणि वरचा दट्ट्या १२ मिलिमीटर सरकला तरी खालचा जेमतेम १.६ मिलिमीटर हलतो. या संपूर्ण हालचालीत जागा बदलणारे तेल दोन घन सेंटिमीटरांहूनही कमी असते. आता नळीत कोठे तरी अर्ध्या घन सेंटिमीटरचा हवेचा बुडबुडा राहिला आहे असे समजू. दाब दहापट झाला की तो बुडबुडा आकुंचन पावून दशांशावर येतो, आणि त्याच्या आकुंचनातच हाताच्या चालीचा जवळजवळ चतुर्थांश खर्ची पडतो. मग खालचा दट्ट्या १.६ ऐवजी १.२ मिलिमीटरच हलतो, प्लेटा पुरत्या सुटत नाहीत, आणि बंगळूरच्या सिल्क बोर्ड चौकात गाडी उभी असताना न्यूट्रल सापडेनासा होतो. एवढ्याशा हवेने एवढ्या मोठ्या इंजिनाचा व्यवहार अडावा हे नवल वाटण्याजोगे असले, तरी हिशेब निर्विवाद आहे.

डबीची साक्ष

परीक्षेचा प्रारंभ सर्वांत सुलभ ठिकाणापासून, म्हणजे डबीपासून करावा. ब्रेकच्या डबीत तेलाची पातळी हळूहळू खाली येते, कारण ब्रेकचे पॅड झिजतात आणि कॅलिपरचे दट्टे बाहेर सरकून अधिक तेल सामावून घेतात. क्लचच्या डबीत नेमके याच्या उलट घडते. प्लेटा झिजून पातळ झाल्या, की त्यांना दाबणारी पट्टी आत बसते, सळई स्लेव्ह सिलिंडरच्या दिशेने मागे सरकते आणि तेल वर डबीत परत ढकलले जाते. यामुळे झिजेबरोबर पातळी वाढावयास हवी. म्हणून क्लचच्या डबीतील तेल कमी होत असेल तर त्याचे खापर झिजेवर फोडता येत नाही. तेल कोठे तरी गळत आहे, हाच त्याचा अर्थ. अशा वेळी नुसती भर घालून गाडी चालवीत राहणे म्हणजे मिळालेला एकमेव पुरावा आपल्या हाताने पुसून टाकणे होय.

याच गुणामुळे हायड्रॉलिक क्लचची आणखी एक गोष्ट मालकाच्या लक्षात येत नाही. वायरच्या क्लचमध्ये प्लेटा झिजल्या की लिव्हरचा ढिलेपणा बदलतो आणि हाताला सूचना मिळते. हायड्रॉलिक क्लच मात्र आपली जुळवणी आपणच करून घेतो, आणि प्लेटा संपत आल्या तरी लिव्हर पहिल्या दिवसासारखाच लागतो. सबब, लिव्हर ठीक लागतो म्हणून प्लेटा ठीक आहेत, असे अनुमान कधीही काढू नये.

डबीचे झाकण उघडण्यापूर्वी त्यावरील अक्षरे वाचावीत, कारण बहुसंख्य गाड्यांत डॉट ४ जातीचे तेल असले तरी काही युरोपीय गाड्यांच्या क्लचमध्ये खनिज तेल असते, आणि एका जातीच्या तेलासाठी केलेले रबर दुसऱ्या जातीच्या तेलात फुगून निकामी होते. झाकण उघडल्यावर तेलाचा रंग पाहावा. नवे डॉट ४ फिकट, पारदर्शक असते. ते चहाच्या रंगाचे किंवा काळपट झाले असेल आणि तळाशी गाळ दिसत असेल, तर आतील रबर व धातू यांचा क्षय चालू आहे असे समजावे. त्यानंतर लिव्हर अगदी सावकाश, केवळ प्रारंभीच्या चालीपुरता आवळावा: तळाच्या त्या सूक्ष्म छिद्रातून तेलाची बारीकशी उसळी वर आली, तर छिद्र मोकळे आहे. ती आली नाही, तर पुढे सांगितलेल्या एका महत्त्वाच्या दोषाचा सुगावा येथेच लागतो.

चार तक्रारी

मालकाच्या तक्रारी वरकरणी पुष्कळ असल्या तरी त्यांची वाटणी चार वर्गांत करता येते.

पहिली तक्रार अशी, की लिव्हर मऊ लागतो, हँडलपर्यंत येतो, आणि दोन-चार वेळा भराभर आवळल्यावर थोडा सुधारतो. हे बहुधा आत हवा शिरल्याचे लक्षण असते. परंतु बंद व्यवस्थेत हवा आपोआप उत्पन्न होत नाही. ती जेथून शिरली ती वाट शोधल्यावाचून नुसती एअर काढली, तर थोड्याच काळात तक्रार पुन्हा रुजू होते.

दुसरी तक्रार अधिक फसवी आहे. लिव्हर प्रथम चांगला घट्ट लागतो, पण पहिल्या गिअरमध्ये तो आवळून धरून सिग्नलपाशी थांबले असता काही क्षणांनी गाडी आपोआप पुढे सरकू पाहते. बाहेर कोठेही ओल दिसत नाही. येथे मास्टर सिलिंडरच्या आतील रबरी वाटी झिजलेली असते, किंवा सिलिंडरची भिंत गंजाने खरबरीत झालेली असते, आणि दाबाखालचे तेल वाटीच्या कडेने निसटून मागे डबीकडे जाते. बंगळूरच्या वाहतुकीत क्लच इतक्या वेळा आणि इतका वेळ धरून ठेवावा लागतो, की हा दोष मोकळ्या महामार्गापेक्षा येथे पुष्कळ आधी उघड होतो. लिव्हरखालच्या रबरी टोपीत ओल आढळली, तर मात्र मागची दुसरी वाटीही गेली आहे, असे समजावे.

तिसरी तक्रार याच्या उलट: क्लच सुटतो, पण पकडत नाही. इंजिनाचे फेरे वाढतात आणि गाडीचा वेग वाढत नाही. विशेषतः गाडी तापल्यावर हा अनुभव येतो. बहुतेक जण ताबडतोब प्लेटा बदलावयास निघतात, आणि पुष्कळदा तो खर्च व्यर्थ जातो. तापलेले तेल प्रसरण पावते, आणि ते वाढीव तेल त्या सूक्ष्म छिद्रातून डबीत परत जावे अशी मूळ योजना आहे. ते छिद्र गाळाने बुजले, किंवा बाजारातून आणून बसवलेल्या भलत्याच आकाराच्या लिव्हरने दट्ट्या कायमचा थोडा आत रेटून छिद्र झाकून टाकले, तर तेल कोंडून राहते आणि लिव्हर सोडलेला असतानाही क्लच अर्धवट दाबलेला राहतो. फुगलेले रबर किंवा नळीचे आतून सुटलेले अस्तरही असेच वागू शकते. याची खात्री करण्याची रीत सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी थांबवून, डोळ्यांवर चष्मा आणि भोवती फडके घेऊन, स्लेव्ह सिलिंडरवरचे हवा काढण्याचे निपल पाव फेरा सैल करावे आणि लगेच आवळावे. तेल जोराने उडाले आणि क्लच पुन्हा पकडू लागला, तर प्लेटा निर्दोष आहेत. तेल नुसते ओघळले आणि क्लच पूर्वीसारखाच घसरत राहिला, तर मात्र झिजलेल्या प्लेटा, थकलेल्या स्प्रिंगा किंवा इंजिनात ओतलेले मोटारीचे तेल यांच्याकडे वळावे. कारण मोटारींच्या अनेक तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात, आणि ज्या गाडीचा क्लच इंजिनाच्या तेलात बुडालेला असतो तिला जासो एमए किंवा एमए-२ या प्रतीचेच तेल लागते.

चौथी तक्रार: लिव्हर घट्ट आहे, दाब टिकतो, तेल कमी होत नाही, तरीही गिअर कर्कश आवाज करून पडतो आणि गाडी ओढत राहते. येथे हायड्रॉलिक भाग निर्दोष असण्याचा संभव अधिक. प्लेटांच्या कडा ज्या खाचांतून सरकतात त्या क्लच बास्केटच्या बोटांवर वर्षानुवर्षांच्या आघातांनी खळगे पडलेले असतात, किंवा पोलादी प्लेटा तापून वाकलेल्या असतात. मात्र डिसेंबर-जानेवारीच्या गार पहाटे पहिला गिअर टाकताना बसणारा एखादा हिसका रोग मानू नये. रात्रभर थंड झालेल्या घट्ट तेलाने प्लेटा चिकटलेल्या असतात, आणि इंजिन तापताच त्या मोकळ्या होतात.

वाटेचे दोन भाग

तक्रारीचा वर्ग ठरला तरी दोष वरच्या सिलिंडरात आहे की खालच्या, हा प्रश्न राहतोच, आणि त्याचा निकाल अनुमानाने न लावता प्रयोगाने लावावा. मास्टर सिलिंडरची नळी सोडून त्या तोंडाला योग्य आट्यांचा बंद बोल्ट वॉशरसह घट्ट बसवावा आणि त्यातली हवा काढून लिव्हर आवळावा. लिव्हर दगडासारखा घट्ट लागला आणि मिनिटभर दाबून धरूनही खचला नाही, तर मास्टर सिलिंडर निर्दोष ठरतो आणि शोध नळी व स्लेव्ह सिलिंडर यांच्यापुरता मर्यादित होतो. तो खचला, तर खालचे काहीही उघडण्याचे कारण उरत नाही. अवघ्या एका बोल्टाने अर्धी वाट संशयातून मुक्त होते.

स्लेव्ह सिलिंडरची जागा फार गैरसोयीची आहे. साखळीने उडवलेले वंगण, रस्त्याची धूळ आणि पावसाचा चिखल यांचा काळा थर त्याच्याभोवती साचतो, आणि बंगळुरात नैर्ऋत्य व ईशान्य अशा दोन्ही मोसमी वाऱ्यांचा पाऊस पडत असल्याने जूनपासून नोव्हेंबरपर्यंत ही ओल फारशी सुकत नाही. हा मळ दट्ट्याच्या रबराखाली शिरला की तेल झिरपू लागते, आणि झिरपलेले तेल त्याच काळ्या थरात मिसळून अदृश्य होते. म्हणून झाकण काढून प्रथम सर्व भाग स्वच्छ पुसावा, काही दिवस गाडी चालवावी, आणि मग ओल कोठे उमटते ते पाहावे. सळईच्या भोवती इंजिनाचे तेल दिसले तर दोष सळईच्या सीलचा, आणि फिकट, रंग खाणारे तेल दिसले तर दोष स्लेव्ह सिलिंडरचा. सिलिंडर इंजिनापासून सुटा असताना लिव्हर मुळीच आवळू नये. दट्ट्याला अडवणारे काही नसल्यामुळे तो थेट बाहेर पडतो.

दोन्ही सिलिंडर निर्दोष ठरल्यावरच उजवीकडचे क्लचचे आवरण उघडावे, कोणी तरी लिव्हर आवळत असताना दाबपट्टी दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकी आणि सर्व बाजूंनी सारखी उचलली जाते का हे मोजावे, आणि मग प्लेटा व बास्केट यांचा निर्णय करावा.

तेलाचे आयुष्य

या बहुतेक दोषांच्या मुळाशी जाऊन पाहिले, तर एकच कारण पुनःपुन्हा आढळते, आणि ते म्हणजे जुने तेल. डॉट ४ हे ग्लायकॉल वर्गातील द्रव्य असून पावसाळ्यात उघड्या बरणीतील मिठाप्रमाणे ते हवेतील बाष्प शोषून घेते. हे बाष्प रबरी नळीच्या भिंतीतूनही आत झिरपते. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि सुमारे ३.७ टक्के पाणी शोषल्यावर तो किमान १५५ अंश इतकाच अपेक्षिला जातो. क्लचमध्ये तेल उकळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. परंतु हेच पाणी ॲल्युमिनियमच्या सिलिंडरला आतून खाते, भिंतीवर बारीक खड्डे पाडते, आणि त्या खड्ड्यांवरून रबरी वाटी पुनःपुन्हा घासली जाऊन फाटते. दर दोन वर्षांनी तेल आणि दर चार वर्षांनी रबरी नळी बदलावी असे अनेक उत्पादक सांगतात, त्याचा हेतू हा आहे. मोठ्या गाड्यांचे मालक ब्रेकच्या बाबतीत ही मुदत पाळतात, आणि क्लचच्या डबीतही तेच तेल आहे याचा त्यांना विसर पडतो.

एअर काढण्याच्या कामी धीर हाच मुख्य गुण. लिव्हर भराभर आवळल्याने मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो आणि तो फेस नळीत अडकून बसतो. हँडल अशा बाजूस वळवावे, की मास्टर सिलिंडर आणि नळीचा सांधा सर्वांत उंच राहील. लिव्हर सावकाश आवळावा, निपल उघडावे, ते बंद केल्यावरच लिव्हर सोडावा, आणि डबी कधीही रिती होऊ देऊ नये. हट्टी हवा वरच्या सांध्यातच दडलेली असते. अशा वेळी खालच्या निपलातून पिचकारीने तेल वर चढवणे परिणामकारक ठरते, कारण बुडबुड्याला वर जाण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असते आणि तिच्या विरुद्ध त्याला खाली ओढण्यात श्रम वाया जातात. लिव्हर रात्रभर हँडलला बांधून ठेवण्याची मिस्त्रींची जुनी रीतही उपयुक्त आहे: दाबाखाली बुडबुडे लहान होऊन नळीतून वर सरकतात, आणि सकाळी लिव्हर सोडताच छिद्रावाटे डबीत निघून जातात. सांडलेले तेल रंग खाते, म्हणून पाण्याची बादली आणि फडके जवळ असावे.

सिलिंडर उघडावाच लागला, तर एक खबरदारी कटाक्षाने घ्यावी. आपल्याकडे सुटे भाग रॉकेलने किंवा पेट्रोलने धुण्याची जी सवय पडलेली आहे, ती येथे घातक ठरते; डॉट ४ साठी केलेल्या रबराला खनिज तेलाचा अंशही सोसत नाही, आणि रबरी भागांचे नवे किट बसवूनही आठवडाभरात क्लच अडकू लागल्याची तक्रार पुष्कळदा त्या एका धुण्यामुळे उद्भवते. हे भाग ताज्या डॉट ४ तेलानेच धुवावेत. जुन्या गाडीचा मास्टर सिलिंडर मिळेनासा झाला असेल आणि त्याच्या भिंतीवर खड्डे पडले असतील, तर कुशल लेथवाल्याकडून आतून कापून घेऊन त्यात अचूक मापाचे अस्तर बसवता येते. बंगळूरसारख्या शहरात असे काम करणारे हात आहेत, ही जुन्या गाडीच्या मालकाला मोठीच अनुकूलता होय. मात्र मूळ व्यास बदलू देऊ नये, कारण मघाचा ७.४ पटींचा हिशेब त्या व्यासावरच उभा आहे.

या साऱ्या विवेचनातून एक गोष्ट निष्पन्न होते. दाबाच्या मार्गात जे प्रथम येते, म्हणजे डबीतले तेल, लिव्हरची जुळवणी, ते सूक्ष्म छिद्र आणि रबरी वाटी, तेच सर्वांत नाशवंत, सर्वांत स्वस्त आणि हाताला सर्वांत सुलभ आहे. आणि जे शेवटी येते, म्हणजे प्लेटा आणि बास्केट, ते सर्वांत टिकाऊ, सर्वांत महाग आणि सर्वांत दुर्गम आहे. म्हणून दाब ज्या क्रमाने प्रवास करतो त्याच क्रमाने परीक्षा करणारा माणूस कमी खर्चात सत्यापर्यंत पोहोचतो, आणि उलट बाजूने सुरुवात करणारा पुष्कळदा निर्दोष भागांचे मोल देऊन बसतो. गाडीच्या कागदपत्रांबरोबर एक लहान वही ठेवावी. तीत तेल बदलल्याची तारीख, डबीतील पातळी आणि नळीचे वर्ष एवढीच नोंद करावी. उत्पादकाने ज्यांचे सुटे भाग देणे थांबवले आहे अशा यंत्रांचे आयुष्य यापुढे त्यांच्या मालकांच्या शिस्तीवर अवलंबून आहे, आणि त्या शिस्तीचा आरंभ दोन वर्षांतून एकदा उघडल्या जाणाऱ्या तेलाच्या एका लहान बाटलीपासून होतो.